मिनेसोटात ई८५, ईव्ही की साधं पेट्रोल? गाडी रात्रभर उघड्यावर असते

अबोली_चिंचवड

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात आम्ही चिंचवडहून सेंट पॉलला राहायला आलो. आतापर्यंत बसवर निभावलं, पण बर्फ पडायच्या आत स्वतःची गाडी घ्यायचीच आहे. पुण्यात आमची सीएनजीवरची वॅगन आर होती. पंपावरची रांग सोडली तर तिनं कधी त्रास दिला नाही आणि खिशालाही परवडायची. इथेही पेट्रोलला काही पर्याय जमतोय का, हे मला मनापासून बघायचंय. प्रश्न नुसता पैशांचा नाही. मुलीला दमा आहे, त्यामुळे धूर हा आमच्या घरात रोजचा विषय आहे.

एक जुनी शेव्हरोले इम्पाला बघून आलोय. इंधनाच्या टाकीचं झाकण पिवळं आहे, मागे 'फ्लेक्स फ्युएल' लिहिलंय. विकणारा म्हणतो, ई८५ (भरपूर इथॅनॉल मिसळलेलं पेट्रोल) टाका, स्वस्त पडतं. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, सरळ ईव्ही घे. नवऱ्याचं म्हणणं, उणे पंचवीसला यातलं काहीच सुरू होणार नाही, साधी पेट्रोलची घेऊ.

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो. गाडी उघड्यावर लावावी लागेल, जवळ प्लग नाही. ऑफिस जाऊन-येऊन तीसेक मैल, शिवाय मुलीची शाळा आणि वाणसामान. इकडचे हिवाळे काढलेल्यांनी कृपया सांगा. सीएनजी इथे मिळतं का, तेही.

डेपोतला

अबोलीताई, मी मूळचा इचलकरंजीचा. सेंट क्लाउडजवळ स्कूलबसच्या डेपोत मेकॅनिक आहे. पहाटे बस सुरू करून ड्रायव्हरच्या ताब्यात देणं हे आमचं काम, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. उत्तर लांबेल.

कुठलं इंधन, हे ठरवण्याआधी गाडी रात्री कुठे उभी राहते ते बघा. चालत्या गाडीला थंडी फारशी अडवत नाही. अडतं ते पहाटे, इंजिन, ऑइल, बॅटरी आणि टाकी सगळंच बाहेरच्या हवेइतकं गार पडलेलं असतं तेव्हा.

आधी ई८५. इंजिनात इंधन पेटतं ते वाफ होऊन. पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण आहे, त्यातले हलके घटक उणे चाळीसलाही पेटण्याजोगी वाफ देतात. इथॅनॉल हा एकच पदार्थ. त्याची पेटण्याजोगी वाफ व्हायला साधारण १३ अंश सेल्सिअस तरी लागतात. त्यात किलोमागे वाफ करायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. आणि पेट्रोलच्या एका किलोला साडेचौदा किलो हवा लागते तिथे इथॅनॉलला नऊच, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधनही जास्त सोडावं लागतं. गारठलेल्या लोखंडात एवढी उष्णता येणार कुठून?

म्हणूनच नावात ८५ असलं तरी पंपावरच्या ई८५ मध्ये इथॅनॉल ५१ ते ८३ टक्क्यांच्या मध्ये कितीही असू शकतं, आणि हिवाळ्यात पेट्रोलचा वाटा वाढवलेला असतो. सकाळी गाडी सुरू होते ती त्या पेट्रोलच्या जिवावर. ब्राझीलमध्ये निव्वळ इथॅनॉलवर गाड्या चालतात, तर तिथे बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी देत, केवळ गार सकाळच्या स्टार्टसाठी. २००९ मध्ये फोक्सवॅगनची पोलो ई-फ्लेक्स आली, तिच्यात इंधनच आधी तापवायची सोय होती, तेव्हा कुठे ती टाकी निघाली. ब्राझीलची थंडी आपल्या इथल्या थंडीपुढे काहीच नाही, तरी एवढी तयारी लागली.

उणे पंचवीसला ई८५ भरलेली गाडी उघड्यावरून सुरू करायला गेलात की स्टार्टर बराच वेळ फिरतो, इंजिन पकडतं आणि सोडतं. तेवढ्या वेळात न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. फेऱ्या छोट्या असतील तर ऑइल पुरतं तापत नाही, आलेलं इंधन आणि पाणी उडून जात नाही. अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतून पिवळट, सायीसारखा थर लागलेला दिसतो. डिपस्टिकवरच्या ऑइलला इंधनाचा वास येतो.

मुलीच्या दम्याच्या दृष्टीनंही हे महत्त्वाचं आहे. गार स्टार्टनंतरची पहिली काही मिनिटं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) तापलेला नसतो आणि सर्वांत वाईट धूर तेव्हाच निघतो. ई८५ असेल तर त्यात ॲसिटाल्डिहाइड जास्त असतं, ते श्वासनलिकेला झोंबतं. गाडी कुठलीही घ्या, ती गरम होईपर्यंत मुलीला मागे उभं करू नका.

एवढं सांगूनही इम्पाला वाईट नाही. फ्लेक्स गाडीत कुठल्याही प्रमाणात मिसळलेलं चालतं, ही तिची खरी सोय. माझा सल्ला असा: मे ते ऑक्टोबर ई८५, पहिल्या बर्फाच्या आधी साधं पेट्रोल. इंधन बदललं की लगेच गाडी उभी करू नका, दहा-पंधरा मिनिटं चालवा. टाकीत काय आलंय हे कॉम्प्युटरला चालता चालताच कळतं, ते न कळता गाडी रात्रभर गार पडली तर सकाळी घोळ होतो. हिशेबही मांडा. ई८५ वर मायलेज १५ ते २७ टक्क्यांनी पडतं, म्हणजे दरात निदान पाव हिश्शाचा फरक असेल तरच पैसे वाचतात. आणि ती गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय घेऊ नका. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं ब्रेकचे पाइप सडतात.

बायोडिझेल, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेलं डिझेल, तुमच्या कामाचं नाही, पण आमची त्याच्याशी रोजची गाठ आहे म्हणून थोडं सांगतो. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजते, तसंच हे. तेलातली जी आम्लं लवकर थिजतात ती बायोडिझेलमध्येही तशीच उतरतात. सोयाबीनचं निव्वळ बायोडिझेल शून्याच्या आसपासच गढूळ होतं, पामतेलाचं त्याच्याही कितीतरी आधी. २००५ मध्ये या राज्यानं डिझेलमध्ये २ टक्के बायोडिझेल सक्तीचं केलं आणि पहिल्याच हिवाळ्यात ट्रकचे फिल्टर तुंबले. काही मालात बायोडिझेल बनवताना निघणारं ग्लिसरीन जास्त राहिलं होतं. सक्ती काही काळ थांबवावी लागली. आता उन्हाळ्यात २० टक्के आणि हिवाळ्यात ५ टक्के असं धोरण आहे आणि ते नीट चालतं. मला ही पद्धत पटते. ऋतू बघून प्रमाण ठरवलं तर शेतातलं इंधन इथेही वापरता येतं.

सीएनजीचा नाद इथे सोडा. कारखान्यातून सीएनजीवर येणारी होंडा सिव्हिक २०१५ मध्ये बंद झाली. पंप आहेत ते मुख्यतः ट्रक आणि बससाठी. जुनी गाडी मिळालीच तर सिलिंडरवर छापलेली मुदत संपत आलेली असते. हायड्रोजनची गाडी कॅलिफोर्नियाबाहेर घ्यायचा विचारही करू नका, भरणार कुठे?

ईव्हीबद्दल माझं मत: घरी प्लग नसेल तर या राज्यात ती घेऊ नका. गारठलेल्या लिथियम बॅटरीत भराभर चार्ज घालता येत नाही, धातू आत साचून बॅटरी खराब होते, म्हणून गाडी आधी बॅटरी तापवत बसते. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत चार्जरपाशी रांगा लागल्या, गाड्या तिथेच बंद पडल्या, त्यामागे हेच होतं.

पाइनवन

मी ओस्लोत राहते. डेपोतला यांचं बाकी सगळं मान्य, पण ईव्हीवर इतक्यात फुली मारू नका. नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ निव्वळ बॅटरीवरच्या होत्या. ओस्लोची थंडी मिनेसोटाइतकी नसते हे खरं, पण रोरोससारख्या आतल्या गावात उणे तीस होतं आणि तिथेही लोक ईव्ही चालवतात.

हिवाळ्यात रेंज कमी होते, आमच्या गाडीचीही होते. पण तुमचं रोजचं अंतर तीसेक मैल आहे, ते कुठल्याही बऱ्या ईव्हीला कडाक्यातही जमतं. माझ्यासाठी सर्वांत मोठं सुख म्हणजे सकाळ. निघायच्या आधी घरातूनच फोनवर गाडी तापवते, तीही भिंतीतल्या विजेवर. मूल बसतं तेव्हा आत ऊब असते, काचा साफ असतात आणि धूर अजिबात नसतो. दम्याच्या मुलीसाठी याहून चांगलं काय? फक्त हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून कमी विजेत गाडी तापवणारं यंत्र) असलेलं मॉडेल बघा. प्लग मात्र लागतोच, ते डेपोतला बरोबर म्हणतायत. आधी बिल्डिंगच्या मॅनेजरशी बोला.

फौजी_कोरेगाव

ताई, मी फौजेत ड्रायव्हर होतो, लेहकडं हिवाळे काढलेत. तिथं डिझेल मेणावानी व्हायचं. मग रॉकेल मिसळायचं, पाइप गरम पाण्यानं शेकायचे, कधी गाडी रातभर चालूच ठेवायची. रॉकेल घातलं की डिझेल वाहतं, पण त्यात वंगण कमी, पंप झिजतो. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलनं लडाखसाठी हिवाळी डिझेल काढलं, पानिपतच्या रिफायनरीतलं, उणे ३३ पर्यंत वाहतं. त्यात ५ टक्के बायोडिझेलबी आहे. चांगलं काम झालं ते. तुमच्याकडं कुठलीबी गाडी घ्या, बॅटरी नवी टाका. थंडीत पहिली बॅटरीच मान टाकती.

कृष्णाकाठ

डेपोतला, एक शंका. इथॅनॉल थंडीत पेटत नाही म्हणता, मग आमच्याकडच्या ई२० चं काय? आमचा ऊस त्यातच जातो, म्हणून विचारतोय. जानेवारीत महाबळेश्वरला गाडी अडेल का?

डेपोतला

कृष्णाकाठ, नाही अडणार. ऐंशी टक्के पेट्रोल आहे, हलके घटक त्यातून मिळतात. उलट थोडं इथॅनॉल मिसळलं की मिश्रणाची वाफ होण्याची ओढ किंचित वाढते. इथे साधं पेट्रोल म्हणून जे मिळतं ते ई१०च असतं आणि उणे तीसला गाड्या त्यावर सुरू होतात. तुमच्याकडे विषय थंडीचा नाही, मायलेजचा आणि जुन्या गाड्यांतल्या रबरी भागांचा आहे. ई१० साठी जुळवलेल्या मोटारींचं मायलेज ई२० वर ६-७ टक्क्यांनी पडेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. ऊस पिकवणाऱ्याला भाव मिळावा हे मलाही वाटतं, पण गाडीवाल्याला हा आकडा पंपावर दिसला पाहिजे.

फौजी, तुम्हाला सलाम. बॅटरीचं लाख बोललात.

अबोली_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅनेजरशी बोलले. बिल्डिंगखाली गरम गॅरेज आहे, महिन्याला वेगळं भाडं. एक जागा रिकामी आहे आणि तिच्या खांबावर साधा १२० व्होल्टचा सॉकेट आहे. चार्जिंगला वापरायला तो तयार आहे, विजेचे ठरावीक पैसे घेईल. आता चित्र बदलतं का? ऑफिसला मात्र गाडी दिवसभर उघड्यावरच राहील.

डेपोतला

पूर्ण बदलतं, ताई. आता माझाही कौल ईव्हीला.

साध्या सॉकेटमधून १२ अँपिअर म्हणजे तासाला साधारण १.४ किलोवॅट-तास. रात्री बारा तास लावली तर सोळा-सतरा. कडाक्यात एका किलोवॅट-तासाला सव्वादोन मैल धरले तरी तुमच्या तीस मैलांना तेरा-चौदा लागतील, चार्ज करताना वाया जाणारी वीज धरून पंधरा-सोळा. म्हणजे रोजचं रोज भागतं. शाळा आणि वाणसामानाचं जे उरेल ते शनिवार-रविवारी भरून निघेल. उघड्यावर हाच सॉकेट असता तर उणे पंचवीसला त्यातली बरीचशी वीज बॅटरी उबदार ठेवण्यातच गेली असती. गरम गॅरेजमध्ये तो खर्च नाही. दिवसभर ऑफिसबाहेर उभी राहिली तरी हरकत नाही, संध्याकाळी पहिले काही मैल जास्त वीज खाईल एवढंच.

इम्पाला घ्यायची ठरली तर गरम गॅरेजमधून सकाळी ई८५ वरही सुरू होईल, पण संध्याकाळी ऑफिसबाहेर नऊ तास गारठल्यावर तोच त्रास. त्यामुळे तिच्यात हिवाळाभर साधं पेट्रोलच.

जुनी ईव्ही बघताना हीट पंप आहे का आणि बॅटरीची वॉरंटी किती उरलीय ते विचारा. एक लक्षात ठेवा, जुन्या ईव्हीवर मिळणारी केंद्राची करसवलत सप्टेंबर २०२५ अखेर संपली, विक्रेता तिचं गाजर दाखवत असेल तर ऐकू नका. मॅनेजरकडून सॉकेटचं लेखी घ्या. त्याचा ब्रेकर किती अँपिअरचा आहे आणि त्याच लाइनवर गॅरेजच्या दाराची मोटर वगैरे नाही ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. रात्रभर १२ अँपिअर ओढायचे तर ती लाइन एकट्या गाडीसाठीच हवी.