ड्रॅगन कोणी पाहिलाय, म्हणून तो कसाही काढायचा का?

कोळशाची कांडी
परवाच्या ‘फँटसीवेड्यांनो, ॲनिमेशन असं शिका’ या पोस्टला सविस्तर उत्तर देतेय, कारण त्यातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही: ‘ड्रॅगन कोणी पाहिलाय? तो चुकला असं म्हणणार कोण? माठ-तांब्यांची चित्रं काढत बसू नका, थेट सॉफ्टवेअर उघडा.’

म्हणणार कोण? बघणारा प्रत्येक जण. कारण सांगता येणार नाही त्याला, पण काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं. माझ्या पहिल्या पंखवाल्या सिंहाला मी पंख पाठीवर नुसते चिकटवले होते. कागदावर झकास दिसला. उडवायला घेतला तर पंख दारासारखे उघडझाप करायला लागले, कारण ते ओढणारा खांदा आणि छातीचे स्नायू मी काढलेच नव्हते. मग महिनाभर घारी आणि वटवाघळं काढली. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेली बोटं आणि मधे ताणलेली कातडी, हे हाताला कळलं तेव्हा कुठे माझा सिंह जमिनीवरून उठला.

चांदोबा मासिकातला, चित्रकार शंकर यांनी काढलेला विक्रम आठवा. खांद्यावर प्रेत, हातात तलवार. त्याला चालवून बघा. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं. ओझ्याखाली गुडघा किती वाकतो, कंबर कुठे सरकते हे माहीत नसेल तर राजा उशी घेऊन चाललाय असं दिसतं.

निळा पक्षी
ती पोस्ट माझी. चालण्याबद्दलचं ठीक आहे, पण तुम्ही कोणासाठी बोलताय? मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी वाढलो. क्लासची फी ऐपतीबाहेर. मामाच्या जुन्या कॉम्प्युटरवर ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेतलं, तिथून सुरुवात. दोन वर्षं माठ काढ म्हणाले असते तर मी सोडूनच दिलं असतं. ‘फ्लो’ या मांजराच्या ॲनिमेशनपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तो ब्लेंडरमध्येच केलाय. फाळक्यांनी तर आगकाड्या हलवून ॲनिमेशन केलं. तिथे कुठे माठ होता?

कोळशाची कांडी
‘फ्लो’मधलं मांजर मोशन कॅप्चर (खरी हालचाल यंत्राने टिपून घेणं) न वापरता हललंय, खऱ्या मांजरांकडे बघून बघून. हे उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं आहे.

माझी रेघ
माठाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या सरावपरीक्षेत स्मरणचित्राला, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राला, ‘बाजाराचे दृश्य’ आलं. मी भाजीवाल्यांच्या मागच्या झाडावर राक्षस बसवला. सरांनी कागदावर लाल रेघ मारली आणि वर्गभर फिरवून दाखवला. त्यापुढच्या इंटरमिजिएटला बसलेच नाही. पुढे १८ वर्षं पेन्सिल धरली नाही. आता तर बरीच मुलं दहावीच्या वाढीव गुणांसाठी बसतात, दोन-तीन दृश्यं घोटून येतात. तुम्ही ज्याला पाया समजता तो हाच ना?

फळा-खडू
मी ३१ वर्षं कलाशिक्षक होतो. सरसकट बोलू नका, ताई. आठवड्याला दोन तासिका, वर्गात ७० मुलं, निम्म्यांकडे रंगपेटी नाही, त्यातही चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाका म्हणून मुख्याध्यापकांची चिठ्ठी. अशात आम्ही वस्तुचित्र, म्हणजे समोरची वस्तू बघून काढणं, शिकवलं. घागरीचं तोंड डोळ्यांच्या पातळीपासून जसजसं खाली जातं तसतसा त्याचा लंबगोल उघडत जातो. हे ज्याला आलं त्याला ड्रॅगनची मानही वळवता येते, कारण मानसुद्धा नळकांडंच आहे.

माझी रेघ
हे कारण तेव्हा का नाही सांगितलं कोणी? मी माठ मनापासून काढला असता. तुम्ही तरी सांगत होतात का?

फळा-खडू
घागरीचं सांगायचो. ड्रॅगनचं नाही, ते मला सुचलं नाही. पण मी कोणाच्या कागदावर लाल रेघ मारलेली नाही. ती माझ्या माथी मारू नका.

घाटाखालचा
सगळे युरोपीय पद्धतीच्या शरीररचनेवरच का अडलात? आमच्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी बघा, चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगतात ती. बाजूने काढलेले चेहरे, मोठाले डोळे, स्नायूबियू काही नाही. तरी रावण बघून लहानपणी माझी झोप उडाली होती.

कोळशाची कांडी
ती चित्रं हलत नाहीत, गाणारा माणूस त्यांच्यात जीव आणतो.

घाटाखालचा
आणि ही चित्रकथी सांगणाऱ्या ठाकर समाजाच्याच कळसूत्री बाहुल्या? त्या हलतात. त्या नाचवणाऱ्यांना कुठलं वस्तुचित्र शिकवलं होतं?

कोळशाची कांडी
बरं, बाहुल्यांचं मान्य. पण तो सूत्रधार लहानपणापासून बापाच्या हाताकडे बघत आलेला असतो. त्याचं बघणं झालेलं असतं, म्हणूनच सांगतेय. निळा पक्षी, पोस्टमधलं ‘सॉफ्टवेअर उघडा’ राहू द्या. ‘काढत बसू नका’ तेवढं खोडा.

निळा पक्षी
खोडणार नाही. वाक्याच्या सुरुवातीला ‘आधी’ घालतो, त्याहून जास्त नाही. तुमचा विक्रम काल रात्री करून बघितला. उशीच दिसतेय. धड कुठल्या बाजूला कलतं?

कोळशाची कांडी
ओझं ज्या खांद्यावर त्याच्या उलट बाजूला. पावलंही आखूड पडतात. पहाटे मार्केट यार्डात जाऊन पोती वाहणारे हमाल बघा. वही घेऊन जा, नुसता फोन नको.

निळा पक्षी
फोनवर शूट करणारच. वहीही नेतो.