झायलिटॉल स्फटिकीकरण : इथेनॉल घालून उतारा वाढतो, पण शुद्धता घसरते. मध्यममार्ग काय?

बगॅसवाला (प्रश्न)

बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) हायड्रोलायझेटपासून, म्हणजे त्याचे विघटन करून मिळालेल्या साखरेच्या द्रावणापासून, झायलिटॉल (गोडीसाठी वापरायचे साखर-अल्कोहोल). झायलोजचे हायड्रोजनेशन रेनी निकेल या उत्प्रेरकावर, नंतर शुद्धीकरणासाठी कार्बन आणि आयन एक्स्चेंज. त्यापुढचे स्फटिकीकरण १० लिटरच्या जॅकेटवाल्या काचेच्या रिअॅक्टरमध्ये, अँकर स्टरर.

एका बॅचचे आकडे: ५ किलो सिरप, घन पदार्थ ८० टक्के, घनावर झायलिटॉल ९१ टक्के (एचपीएलसी या पृथक्करण चाचणीने). बाकी अरॅबिटॉल, थोडे सॉर्बिटॉल (दोन्ही साखर-अल्कोहोलेच), ०.९ टक्के झायलोज आणि काही न ओळखलेले पीक (चाचणीच्या आलेखावरची शिखरे). ६० अंशांवरून २० अंशांवर ६ तासांत सरळ रेषेत थंड केले की वाळवून १.७ किलो माल मिळतो, शुद्धता ९९.२.

उतारा वाढावा म्हणून ३० अंशांना ५ लिटर अॅब्सोल्यूट इथेनॉल अर्ध्या तासात ओतून पाहिले. माल २.३ किलोवर गेला, पण शुद्धता ९६, दाणा पिठासारखा, फिल्टर तुंबतो आणि तळाशी चिकट गोळा बसतो. इथेनॉलचे प्रमाण किती ठेवावे? की दुसरे सॉल्व्हंट बघू? आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मिथेनॉल दोन्ही उपलब्ध आहेत.

---

मदरलिकर

सॉल्व्हंटकडे जाण्याआधी कागदावर हिशेब करा, चित्र पुष्कळ स्पष्ट होईल.

तुमच्या ५ किलो सिरपमध्ये घन ४ किलो, त्यात झायलिटॉल ३.६४ किलो आणि पाणी १ किलो. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधारण १६९ ग्रॅम झायलिटॉल विरघळते. म्हणजे शेवटी १.६९ किलो मदर लिकरमध्ये (स्फटिक काढल्यावर उरणाऱ्या द्रवात) राहणारच. जास्तीत जास्त १.९५ किलो बाहेर येऊ शकते, म्हणजे ५३.६ टक्के. तुम्हाला आत्ता ४७ टक्के मिळतेच आहे. पाण्यातून आणखी फार काही निघणार नाही, कारण मर्यादा थंड करण्याच्या पद्धतीची नाही, पाण्याच्या वजनाची आहे.

तेच सिरप ८५ टक्क्यांपर्यंत आटवले तर पाणी राहते ७०६ ग्रॅम, त्यात अडकते १.१९ किलो आणि सैद्धांतिक उतारा ६७ टक्क्यांवर जातो. एक थेंबही इथेनॉल न घालता. मग सगळे तसे का करत नाहीत? कारण शेवटी निम्म्याहून जास्त वजन स्फटिकांचे होते, उरलेला द्रव काकवीसारखा दाट, आणि तुमचा अँकर तिथे नुसता भोक पाडून फिरेल. इथेनॉलचा खरा उपयोग मला इथे दिसतो. विद्राव्यता खाली येते हे आहेच, पण मॅग्मा (स्फटिक आणि द्रवाचे मिश्रण) पातळ होतो, ढवळता येतो आणि सेंट्रिफ्यूजमध्ये निथळतो.

आता चिकट गोळ्याबद्दल. ५ लिटर इथेनॉल म्हणजे जवळपास ३.९५ किलो. पाणी १ किलो. द्रव ८० टक्के इथेनॉलचा झाला. शुद्ध इथेनॉलमध्ये २५ अंशांना झायलिटॉल १०० ग्रॅमला जेमतेम १.२ ग्रॅम विरघळते, पाण्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. अशा ठिकाणी अर्ध्या तासात पोहोचलात तर रेणूंना जाळीत बसायला वेळ मिळत नाही. सिरप द्रवरूपातच वेगळे पडते. यालाच ऑइलिंग आउट म्हणतात. खालचा थर झायलिटॉल, अरॅबिटॉल, रंग आणि पाणी यांचा दाट सिरप, वरचा थर इथेनॉलचा. खालच्या थरातून पुढे जे स्फटिक होतात ते सगळी घाण पोटात घेऊनच. ९६ टक्के तिथून आले.

पडताळा: तुमच्या २.३ किलोमध्ये झायलिटॉल सुमारे २.२ किलो. उरलेले १.४ किलो इतक्या इथेनॉलमध्ये विरघळून राहणे शक्य वाटत नाही. ते गोळ्यात आहे. गोळ्याचे वजन आणि त्यातले झायलिटॉल मोजा.

---

ग्रेनमास्टर

वरच्या हिशेबाशी सहमत. कृती अशी ठेवून पाहा, तुमच्याच ५ किलोसाठी.

सिरप व्हॅक्यूममध्ये ६०–६५ अंशांना ८२–८३ टक्क्यांपर्यंत आटवा. झायलिटॉल स्वतः तापवून काळे पडत नाही, पण उरलेले झायलोज पडते. ते ०.९ वरून हायड्रोजनेशनमध्येच खाली आणता आले तर उत्तम. स्फटिकीकरणात ते काढण्याचा हट्ट महाग पडतो.

मग क्लिअर पॉइंट शोधा. २०–२५ मिली सिरप नळीत घ्या, चिमूटभर स्फटिक टाका आणि मिनिटाला ०.२–०.३ अंश या वेगाने तापवत जा. शेवटचा कण दिसेनासा होतो ते तुमच्या सिरपचे संपृक्तता तापमान. पुस्तकातला शुद्ध झायलिटॉलचा आलेख इथे वापरू नका, तुमच्या अरॅबिटॉलने तो सरकलेला असतो.

त्या तापमानाच्या २ अंश खाली बी (दाणा धरायला तयार झायलिटॉलची बारीक पूड) टाका. झायलिटॉलच्या वजनाच्या १ टक्का, म्हणजे ३६ ग्रॅम. दळून, चाळून, १०० मिली अॅब्सोल्यूट इथेनॉलमध्ये कालवून. कोरडी पूड टाकली तर गुठळ्या होतात. पाण्यात कालवली तर बीच विरघळते. बी टाकल्यावर तासभर तापमान हलवू नका. काचेवर हलकी चमक दिसली पाहिजे. बी नाहीसे झाले तर तापमान जास्त होते. सगळे एकदम दुधाळ झाले तर उशीर झाला आणि फॉल्स ग्रेन (नको असलेला नवा बारीक दाणा) पडला. अशा वेळी ५–६ अंश वाढवून बारीक दाणा विरघळवा आणि पुन्हा सुरू करा.

थंड करणे सरळ रेषेत नको. सुरुवातीला दाण्याचे पृष्ठफळ अगदी कमी असते, तेव्हा सावकाश. घन-वक्र सोपा आहे: त्या वेळेपर्यंतची घट म्हणजे तापमानातली एकूण घट गुणिले (झालेला वेळ भागिले एकूण वेळ) याचा घन. ५६ वरून २० अंशांवर १८ तासांत यायचे असेल तर पहिल्या ९ तासांत फक्त ४.५ अंश. बघायला काहीच होत नाहीसे वाटते, तरी वेग वाढवू नका. आणि हे लक्षात ठेवा की स्फटिक होताना उष्णता बाहेर पडते, ग्रॅममागे दीडशे ज्यूलच्या आसपास. ४०० ग्रॅम एकदम कोसळले तर सव्वा किलो सिरप १५–२० अंशांनी तापू शकते. थर्मामीटर मध्येच वर चढला तर जॅकेटला दोष देऊ नका, आत नवीन दाणा पडला आहे.

इथेनॉल ३५–४० अंशांच्या टप्प्यावर, दाणा चांगला वाढल्यानंतर सुरू करा. त्याआधी नाही. अॅब्सोल्यूट नको, ८५–९० टक्क्यांचे घ्या. त्याच तापमानाला आणून, बुडवलेल्या नळीने पात्याजवळ सोडा. वरून ओतलेले इथेनॉल हलके असल्याने पृष्ठभागावर तरंगते आणि तिथेच पांढरी साय धरते. एकूण १.२ ते १.५ लिटर, ६ तासांत. पहिल्या ३ तासांत त्यातले पाव हिश्शापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. नंतर १० अंशांपर्यंत थंड करून २–३ तास धरा.

अँकर बदलून पिच्ड ब्लेड लावता आला तर लावा. अँकर भिंत खरवडतो, वर-खाली मिसळत नाही.

धुण्याला पाणी मुळीच नको. १०० मिली पाणी तुमचा दीडशे ग्रॅमहून जास्त माल घेऊन जाऊ शकते. ५ अंशांचे ९० टक्के इथेनॉल, ३०० मिली, दोन वेळा, प्रत्येक वेळी केक पूर्ण निथळल्यावर. केकला भेगा पडल्या तर आधी दाबून बुजवा, नाहीतर सॉल्व्हंट भेगेतून सरळ निघून जाते.

---

पीकबघ्या

दोन मोजमापांच्या बाबतीत सावध.

पहिले, ब्रिक्स (रिफ्रॅक्टोमीटरवर वाचलेले विरघळलेल्या घनाचे प्रमाण). रिफ्रॅक्टोमीटर साखरेच्या द्रावणावर बेतलेला असतो, त्यामुळे झायलिटॉलच्या सिरपला आधीच दुरुस्ती लागते. त्यात इथेनॉल मिसळले की आकडा निरर्थक होतो. इथेनॉल घातलेल्या मदर लिकरचे घन पदार्थ व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवून काढा, पाणी कार्ल फिशर या पाणी मोजण्याच्या चाचणीने. बराच 'वाढलेला उतारा' मदर लिकरच्या चुकीच्या ब्रिक्समधून जन्माला येतो.

दुसरे, एचपीएलसी कोणत्या कॉलमवर? हायड्रोजन स्वरूपातल्या रेझिन कॉलमवर झायलिटॉल आणि अरॅबिटॉल जवळजवळ एकत्र निघतात. तुमचे ९१ टक्के त्या कॉलमवरचे असतील तर त्यात अरॅबिटॉल धरलेले असू शकते. शिशाच्या किंवा कॅल्शियमच्या स्वरूपातला कॉलम घ्या, ८० अंश, नुसते पाणी, आरआय (अपवर्तनांक) डिटेक्टर. दोन पीक स्वच्छ वेगळे होतात का ते प्रमाणित नमुना घालून पाहा, मगच पुढच्या चर्चेला अर्थ.

आणखी एक. सिरपची कंडक्टिव्हिटी (त्यावरून उरलेले क्षार कळतात) किती? सल्फ्युरिक आम्लाने हायड्रोलिसिस आणि चुन्याने न्यूट्रल केले असेल तर उरलेले कॅल्शियम सल्फेट इथेनॉल घातल्याबरोबर खाली बसते आणि तुमच्या 'पिठासारख्या' मालात जाते. राखेचे प्रमाण काढा. गॅलॅक्टिटॉलही तसेच. हायड्रोलायझेटमध्ये गॅलॅक्टोज असले तर हायड्रोजनेशनमध्ये ते होतेच, आणि पाण्यातही ते फारसे विरघळत नाही. इथेनॉलला झायलिटॉल आणि त्याच्या भाऊबंदांतला फरक फारसा कळत नाही.

---

पॅनवरून

थोडे वेगळे मत. पहिल्या पिकात (पहिल्यांदा काढायच्या स्फटिकांत) इथेनॉल घालूच नका.

पाण्यातून ९९.२ चा माल मिळतोय, तो घ्या. मदर लिकरमध्ये राहते १.९४ किलो झायलिटॉल आणि ०.३६ किलो इतर घन, म्हणजे शुद्धता ८४ वर येते. आता हे मदर लिकर तसेच पुढच्या बॅचमध्ये फिरवण्याचा मोह होतो. प्रत्येक फेरीचा उतारा ४७ टक्के धरला आणि मदर लिकरचे ८० टक्के फिरवले तर एकूण उतारा कागदावर ८१–८२ टक्के दिसतो. पण अशुद्धी कुठेच जात नाही, ती ५ पट साचते. ०.३६ चे १.८ किलो. अशा सिरपमधून ४७ टक्के निघणारच नाही. निम्मे फिरवले तर अशुद्धी २ पट आणि एकूण उतारा ६४ च्या आसपास, हे झेपते.

इथेनॉलची जागा या मदर लिकरवर आहे. ते पुन्हा आटवा, बी टाका आणि वर सांगितलेल्या सावकाश पद्धतीने इथेनॉल द्या. जे दुसरे पीक येईल ते ९५–९६ चे असले तरी हरकत नाही, कारण ते विकायचे नाही, ताज्या सिरपमध्ये विरघळवायचे आहे. साखर कारखान्यात सी साखर (शेवटच्या टप्प्यातली, कमी शुद्ध) वितळवून वर पाठवतात तेच गणित. अरॅबिटॉल आणि रंग इथेनॉलच्या अर्कासोबत बाहेर पडतात आणि साखळी तुंबत नाही. सॉल्व्हंटही निम्म्याहून कमी लागते. शिवाय विक्रीचा माल इथेनॉलला शिवलेलाच नसल्याने अवशेषाचा प्रश्न बराच हलका होतो.

---

बगॅसवाला

कॉलम हायड्रोजन स्वरूपातलाच आहे. कंडक्टिव्हिटी आयन एक्स्चेंजनंतर कमी असते, पण आटवल्यानंतर मोजलेली नाही. दुसऱ्या पिकाला इथेनॉलऐवजी मिथेनॉल किंवा आयपीए चालेल का, की तिथेही इथेनॉलच?

---

मदरलिकर

मिथेनॉलमध्ये झायलिटॉल १०० ग्रॅमला सुमारे ६ ग्रॅम विरघळते, इथेनॉलच्या पाचपट. म्हणजे उताऱ्यासाठी वाईट. शिवाय आयसीएचच्या (औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) सॉल्व्हंट वर्गवारीत ते दुसऱ्या वर्गात, मर्यादा ३००० पीपीएम. इथेनॉल, आयपीए तिसऱ्या वर्गात, ५००० पीपीएम. खाण्याच्या पदार्थात मिथेनॉल आणण्याचे काही कारण दिसत नाही. आयपीएमध्ये विद्राव्यता आणखी कमी, पण म्हणूनच ऑइलिंग आउट लवकर होते. हात बसल्यावर बघा, सुरुवात त्याने नको.

प्रमाणाचा नेमका आकडा कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. तुमच्याच मदर लिकरच्या ६ बाटल्या करा, पाण्याच्या वजनाच्या ०, ०.५, १, १.५, २, ३ पट इथेनॉल, जादा स्फटिक घालून २० अंशांना २४ तास हलवत ठेवा. वरच्या द्रवातले झायलिटॉल मोजा आणि ते द्रवाच्या *एकूण* वजनाने गुणा. टक्केवारी घटत राहते, पण द्रव वाढत राहतो. समजा पाणी १०० ग्रॅम, १ पटीला १०० ग्रॅम द्रवात ३० ग्रॅम राहिले आणि ३ पटीला १४. द्रव दुप्पट झाला, तोटा ६० वरून ५६ वर आला. त्या ४ ग्रॅमसाठी तिप्पट इथेनॉल उकळून परत मिळवायचे का? (आकडे समजावण्यापुरते आहेत.) ज्या बाटलीत दोन द्रव थर दिसतील ती तुमची लक्ष्मणरेषा.

परत मिळवताना ९५.६ टक्क्यांच्या अॅझिओट्रोपपर्यंतही (साध्या ऊर्ध्वपातनाने ज्यापुढे जाता येत नाही ती मर्यादा) जाण्याची गरज नाही. ९० टक्क्यांचे चालते, छोटा कॉलम पुरतो, मॉलेक्युलर सीव्ह (उरलेले पाणी शोषणारे माध्यम) नको.

---

ग्रेनमास्टर

एक राहून गेले. अॅब्सोल्यूट इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंशांच्या आसपास, ५० टक्क्यांचाही २४ च्या आसपास. म्हणजे पाणी मिसळले तरी खोलीच्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते. स्टररची मोटर फ्लेमप्रूफ हवी, रिअॅक्टर, ड्रम आणि फिल्टर तिन्हींचे अर्थिंग जोडलेले हवे, बंद सेंट्रिफ्यूज असेल तर नायट्रोजन. ओला केक साध्या ट्रे ओव्हनमध्ये ठेवू नका, उघड्या हीटरच्या कॉइलवर वाफ गेली की संपले. व्हॅक्यूम ओव्हन, ५० अंश, वाफ कंडेन्सरमधून.

इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, साठ्याची नोंद ठेवावी लागते. स्वस्त म्हणून डिनेचर्ड स्पिरिट आणू नका, डिनेचरंट खाण्याच्या मालात येईल.

आणि वाळवलेला माल तासाभरात दुहेरी पिशवीत बंद करा. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की झायलिटॉल पाणी ओढते आणि जुलैत कोकणपट्टीवर ते रोजचेच. पिशवीत दगड झालेला माल पाहून स्फटिकीकरण बिघडले असे समजू नका, आधी पॅकिंगच्या खोलीतला हायग्रोमीटर बघा.