रात्रीचा मोबाईल आणि मोह

प्रश्न: हिंजवडीची शिफ्ट संपवून रात्री १२ ला खोलीवर आलं की नको ते पाहायचा मोह होतो. प्रार्थना करूनही पडायला होतं. चुकतं कुठे?

– प्रार्थना उशिरा सुरू होते, तिथे. बायबलमधल्या याकोब १:१४-१५ मधला क्रम बघा: वासना, मग पाप, मग मरण. पहिल्याच पायरीला तोडा. चार्जर स्वयंपाकघरात लावा, गजराला साधं घड्याळ घ्या.

– दादा, मोह होणं म्हणजे पाप नव्हे. येशूचीही परीक्षा झाली, तीही ४० दिवसांच्या उपासानंतर, भुकेच्या वेळी. म्हणून आधी पोटभर जेवा. सैतानाला त्यानं तिन्ही उत्तरं ‘अनुवाद’ या बायबलच्या पुस्तकातून दिली. वचन आधीच पाठ हवं. १ करिंथ १०:१३ पासून सुरुवात करा.

– मंडळीतल्या एकाच विश्वासू भावाला दर रविवारी खरं सांगा. पडलात तर त्याच रात्री कबुली द्या, १ योहान १:९ उघडून. लाजेपायी उपासना मात्र चुकवू नका.