केमिस्ट्रीसोबत अर्थशास्त्र मायनर
केमिस्ट्री मेजरला (पदवीचा मुख्य विषय) अर्थशास्त्र मायनर (जोडीचा दुय्यम विषय) चालेल का, असं विचारलं की कुणी ओपन इलेक्टिव्हचा (मुख्य विषयाबाहेरचा ऐच्छिक विषय) नियम सांगतं. तो वेगळा. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलंच (म्हणजे सायन्सवाल्याला आर्ट्स, कॉमर्स वगैरे) लागतं. मायनर त्याच किंवा वेगळ्या विद्याशाखेतलं चालतं, पण तुमच्या कॉलेजने ती जोडी दिलेली हवी. खरं अडतं ते वेळापत्रकात. थिअरीच्या एका क्रेडिटला (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. लॅबची बॅच आणि आर्ट्सचं लेक्चर एकाच वेळी आलं की हजेरी बुडते. फॉर्म भरण्याआधी दोन्ही विभागांची वेळापत्रकं शेजारी ठेवून बघाच. मायनरचा शेवटच्या सेमिस्टरपर्यंतचा अभ्यासक्रमही वाचा, गणित-संख्याशास्त्र किती आहे ते कळेल. विरार-कल्याणहून येत असाल तर सकाळी सातची लेक्चर्स आहेत का, हे आधी विचारा.