मदत हवी आहे: लिहून दाखवता न येणारा बेसिस संशोधनात कामाला कसा येतो?

अनंतमिती

नमस्कार मंडळी. एमएस्सी गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात विभागात सेमिनार द्यायचाय आणि विषय मी स्वतः मागून घेतलाय: व्हेक्टर स्पेसचे बेसिस, म्हणजे असे व्हेक्टर की सहगुणक लावून त्यांच्या मर्यादित बेरजेतून प्रत्येक व्हेक्टर एकाच प्रकारे मिळतो. मिती मर्यादित असते तिथवर सगळं नीट झालंय. अडलंय ते त्यापुढे.

प्रत्येक व्हेक्टर स्पेसला बेसिस असतो, हे झॉर्नच्या लेमावरून (कितीही संचांमधून एकेक घटक निवडता येतो, या निवडीच्या गृहीतकाचंच हे एक रूप) अर्ध्या पानात सिद्ध होतं. पण त्या अर्ध्या पानातून बेसिस हाती काहीच लागत नाही, तो आहे एवढंच कळतं. माझं मुख्य उदाहरण वास्तव संख्यांचं आहे. स्केलर म्हणून फक्त परिमेय संख्या घ्यायच्या, म्हणजे वास्तव संख्या ही परिमेय संख्यांवरची व्हेक्टर स्पेस होते. हिची मिती अनंत आहे हे दाखवायला मी मूळ संख्यांचे लॉग घेतले: लॉग २, लॉग ३, लॉग ५ आणि असेच पुढे. परिमेय सहगुणक लावून त्यांची बेरीज शून्य आली असं धरा. छेद काढून टाकले आणि ऋण पदं पलीकडे नेली, की काही मूळ संख्यांचा गुणाकार दुसऱ्याच मूळ संख्यांच्या गुणाकाराइतका येतो. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, तेव्हा सगळे सहगुणक शून्यच असले पाहिजेत. शाळेतलं अवयव पाडणं थेट लिनिअर इंडिपेंडन्सला येऊन भिडतं हे पाहून मला खरंच आनंद झाला. शिवाय हा बेसिस गणनीय (पहिला, दुसरा, तिसरा अशी यादी करता येणारा) असूच शकत नाही. तसा असता तर वास्तव संख्याही गणनीय ठरल्या असत्या.

सरांना कच्चा आराखडा दाखवला. त्यांनी शांतपणे विचारलं, "हा बेसिस आजवर कुणी लिहून दाखवलाय का? नसेल, तर तो आहे हे माहीत असून काय साधतं?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि मला त्याचं मनापासून उत्तर द्यायचंय. ज्याच्या विधानात व्हेक्टर स्पेसचं नावही नाही, पण सिद्धतेत असा बेसिस लागतो, असं एखादं प्रमेय आहे का? दुसरं, फंक्शनल ॲनालिसिसमध्ये हिल्बर्ट स्पेसचा ऑर्थोनॉर्मल (एकमेकांना लंब आणि लांबी १ असलेल्या व्हेक्टरांचा) बेसिस शिकवतात, तो आणि हा एकच का? आणि आजच्या संशोधनात बेसिसचं काम नक्की कुठे पडतं? चाळीस मिनिटं आहेत, समोर बीएस्सीची मुलंही असतील.

जुनी_वही

विषय छान निवडलास. सुरुवात मुळापासून कर, म्हणजे सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

कोशीने १८२१ मध्ये एक समीकरण मांडलं: फ(अ + ब) = फ(अ) + फ(ब). फंक्शन कंटिन्युअस असेल तर उत्तर एकच, फ(अ) = क × अ, म्हणजे शून्यातून जाणारी सरळ रेषा. कंटिन्युअस असण्याची अट काढली तर? हा प्रश्न चांगला ऐंशी वर्षं लोंबकळत राहिला. १९०४ मध्ये झर्मेलोने सुव्यवस्था प्रमेय (प्रत्येक संच असा क्रमाने लावता येतो की त्याच्या कुठल्याही रिकाम्या नसलेल्या भागात पहिला घटक असतो) सिद्ध केलं आणि त्याचा आधार घेऊन १९०५ मध्ये गेऑर्ग हामेलने वास्तव संख्यांचा हाच बेसिस काढला. म्हणून त्याला हामेल बेसिस म्हणतात. बेसिस मिळाला की त्यातल्या प्रत्येक घटकाला हवी ती किंमत द्यायची आणि बाकी सगळीकडे फंक्शन लिनिअर पद्धतीने पसरवायचं. समीकरण आपोआप पाळलं जातं, पण फंक्शन सरळ रेषा असेलच असं नाही.

आणि सरळ रेषा नसली तर ते किती विस्कटतं ते बघ. आलेखावर असे दोन बिंदू मिळतात, जे शून्यातून जाणाऱ्या एकाच रेषेवर नाहीत. परिमेय सहगुणक लावून त्यांची जेवढी कॉम्बिनेशन्स होतात ती सगळी आलेखावरच असतात, आणि ती अख्ख्या प्रतलात दाट पसरलेली असतात. म्हणजे कागदावर सुईच्या टोकाएवढं वर्तुळ कुठेही काढ, आलेखाचा बिंदू त्यात सापडणारच. असं फंक्शन मेझरेबलही नसतं, म्हणजे लांबी-क्षेत्रफळ मोजण्याच्या नेहमीच्या सिद्धांतात बसत नाही. ते सूत्राने लिहून का दाखवता येत नाही, हे यावरून कळेल.

वारणाकाठ

जुनी_वही यांनी पाया सांगितला. तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं आवडतं उत्तर देतो. बीएस्सीच्या मुलांना हे नक्की पेलेल.

एक बाजू १ आणि दुसरी √२ असा आयत घे. तो चौरसांनी पूर्ण भरायचा. चौरस लहानमोठे चालतील, पण संख्या मर्यादित हवी, आणि फट नको की एकावर एक चढणं नको. जमेल का? जमत नाही. माक्स डेनने १९०३ मध्ये सिद्ध केलं की बाजूंचं गुणोत्तर परिमेय असेल तरच आयत असा भरता येतो. विधानात व्हेक्टर स्पेस कुठे दिसतेय का?

सिद्धता अशी. समजा भरला. प्रत्येक चौरसाच्या कडा आयताच्या टोकापर्यंत लांबव, म्हणजे आयताची जाळी होते. जाळीच्या आडव्या तुकड्यांची बेरीज १, उभ्या तुकड्यांची √२. आता असं फंक्शन फ घे, जे परिमेय संख्यांवर लिनिअर आहे आणि ज्यात फ(१) = १, फ(√२) = −१. हे का घेता येतं? १ आणि √२ परिमेय संख्यांवर इंडिपेंडंट आहेत, त्यांना सामावणारा बेसिस घ्यायचा आणि उरलेल्या घटकांना शून्य द्यायचं. मग प्रत्येक आयताचं "नकली क्षेत्रफळ" म्हणजे फ(लांबी) × फ(रुंदी). फ बेरजेवर पसरतं, म्हणून जाळीतल्या घरांची नकली क्षेत्रफळं मिळवली की मोठ्या आयताचं नकली क्षेत्रफळ येतं. तीच घरं चौरसांप्रमाणे गटवून मिळवली तर प्रत्येक चौरसाकडून फ(बाजू)चा वर्ग येतो. तो शून्य किंवा धन. सगळे मिळून धन किंवा शून्य. पण मोठ्या आयताचं नकली क्षेत्रफळ फ(१) × फ(√२) = −१. झालं, विसंगती.

फळ्यावर फार तर दहा मिनिटं लागतात. एक आकृती मोठी काढ, कडा वेगळ्या रंगाच्या खडूने लांबव.

अनंतमिती

वारणाकाठ दादा, हे वाचून वहीत लगेच करून पाहिलं, फारच सुंदर आहे! पण एक शंका आली. जाळीत तुकडे मर्यादितच असतात. मग त्या तुकड्यांनी तयार होणारी स्पेस मर्यादित मितीची, आणि फ तेवढ्यावरच ठरवलं तरी भागतं. अख्ख्या वास्तव संख्यांचा बेसिस इथे लागलाच कुठे?

वारणाकाठ

शंका अगदी बरोबर आहे, आणि सेमिनारचा गाभा मला तरी हाच वाटतो. इथे तो लागत नाही. झॉर्न नाही, निवडीचं गृहीतक नाही. डेनचंच त्याहून गाजलेलं काम घे. हिल्बर्टने १९०० मध्ये विचारलं होतं की एकाच घनफळाचे दोन बहुफलक मर्यादित तुकडे करून नेहमीच एकमेकांत बसवता येतात का. डेनने थोड्याच काळात नाही असं उत्तर दिलं. युक्ती तीच. कोनांवर परिमेय-लिनिअर फंक्शन ग घ्यायचं, काटकोनाला शून्य देणारं. मग प्रत्येक कडेची लांबी गुणिले त्या कडेवरच्या दोन पृष्ठांमधल्या कोनाचं ग, यांची बेरीज करायची. तुकडे पाडले, जोडले, तरी ही बेरीज बदलत नाही. घनाच्या बाबतीत ती शून्य. समचतुष्फलकाचा हा कोन असा आहे की त्याचं कोसाइन १/३ येतं, आणि तो पायच्या परिमेय पटीत बसत नाही. म्हणून त्याला ग = १ देता येतं आणि बेरीज शून्य येत नाही. इथेही मोजके कोन, मोजका बेसिस.

संपूर्ण बेसिसची किंमत किती आहे तेही सरांना सांग. आंद्रेआस ब्लासने १९८४ मध्ये दाखवलं की प्रत्येक व्हेक्टर स्पेसला बेसिस असतो हे मान्य केलं की निवडीचं गृहीतक त्यातूनच निघतं. तेव्हा हे प्रमेय आणि ते गृहीतक एकाच तोलाचे आहेत. हामेलला पूर्ण बेसिस हवा होता. डेनला त्याचा एक कोपरा पुरला. कुणाला किती लागतं हे नेमकं ओळखणं हेच पुष्कळदा संशोधकाचं काम असतं.

सह्याद्री_ते_र्‍हाइन

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, माझं काम याच भागातलं आहे.

नाही, ते दोन एकच नाहीत. हामेल बेसिसमध्ये बेरीज नेहमी मर्यादित पदांची. हिल्बर्ट स्पेसमध्ये अनंत पदांची चालते, कारण तिथे अंतर आहे आणि मालिका अभिसारी आहे का हे विचारता येतं. वर्गांची बेरीज मर्यादित असलेल्या क्रमिकांची स्पेस घे. एका जागी १ आणि बाकी शून्य, असे व्हेक्टर तिथला ऑर्थोनॉर्मल बेसिस आहेत, पण १, १/२, १/३, १/४… हा व्हेक्टर त्यांच्या मर्यादित बेरजेतून कधीच मिळणार नाही. इतकंच काय, अनंत मितीच्या कुठल्याही बानाख स्पेसचा (जिथे व्हेक्टरांना लांबी असते आणि जवळ-जवळ येणाऱ्या क्रमिकांना मर्यादा मिळतेच) हामेल बेसिस गणनीय नसतो. हे बेअरच्या प्रमेयावरून येतं, ते करून बघच, परीक्षेलाही कामी येईल.

बानाख स्पेससाठी शाउडरने १९२७ मध्ये अनंत मालिकांचा बेसिस मांडला. मग साहजिक प्रश्न आला: प्रत्येक सेपरेबल (गणनीय बिंदू सगळीकडे दाट पसरलेले असलेल्या) बानाख स्पेसला असा बेसिस असतो का? तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या लव्होव्हच्या स्कॉटिश कॅफेत गणितज्ञ एका वहीत प्रश्न लिहून ठेवत. १९३६ मध्ये मझूरने त्यात याच्याशी घट्ट जोडलेला एक प्रश्न लिहिला आणि उत्तरासाठी जिवंत हंसाचं बक्षीस लावलं. स्वीडनच्या पेर एन्फ्लोने १९७२ मध्ये बेसिस नसलेली स्पेस तयार केली, आणि मझूरने वॉर्सात त्याच्या हातात खरोखरच हंस दिला. हामेल बेसिस सगळ्यांना असतो आणि बहुधा हाती लागत नाही. शाउडर बेसिस सगळ्यांना नसतो, पण असला की त्यावर हिशोब करता येतो.

आणि एक नाव घ्यायला विसरू नकोस. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना १९४३ मध्ये त्यांनी यादृच्छिक फंक्शन्ससाठी असा ऑर्थोगोनल बेसिस दाखवला, जो त्या प्रक्रियेच्या कोव्हेरिअन्समधूनच (वेगवेगळ्या क्षणांच्या किमती एकत्र किती हलतात त्यातूनच) निघतो. साइन-कोसाइन आपण आधी ठरवून ठेवतो, इथे बेसिस विषयच ठरवतो, आणि पहिल्या काही पदांत जास्तीत जास्त चढउतार पकडला जातो. कारहुनेन आणि लोएव्ह यांनी हेच पुढच्या काही वर्षांत स्वतंत्रपणे केलं आणि बराच काळ त्या दोघांचंच नाव चाललं. आता बऱ्याच लेखांत कोसंबींचं नाव जोडून येतं. इतिहासकार म्हणून ते आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत, या कामासाठीही माहीत व्हायला हवेत असं मला फार वाटतं.

फळा_डस्टर

मी कॉलेजात शिकवते. तिसऱ्या प्रश्नाला थोडक्यात. आजच्या काँबिनेटोरिक्समध्ये बेसिस नुसता मोजायला वापरतात. वस्तूंना व्हेक्टर बनवायचं, ते इंडिपेंडंट आहेत हे दाखवायचं, मग त्यांची संख्या मितीपेक्षा जास्त असूच शकत नाही. गावात शंभर माणसं आहेत, प्रत्येक मंडळात सभासद विषम आणि कुठल्याही दोन मंडळांत समाईक सभासद सम, तर मंडळं शंभरापेक्षा जास्त नसतात. ० आणि १ च्या फील्डवर (जिथे १ + १ = ०) दोन ओळींत सुटतं. आर. सी. बोस यांनी १९४९ मध्ये फिशरची असमानता (प्रयोगांच्या समतोल आखणीत गटांची संख्या वस्तूंपेक्षा कमी नसते) याच विचाराने सिद्ध केली होती. २०१६ मध्ये याच धाटणीच्या युक्तिवादाने कॅप सेटचा जुना प्रश्न हलला. क्रूट, लेव्ह आणि पाख यांनी वाट दाखवली आणि एलेनबर्ग व गाइसवाइट यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं: तीन घटकांच्या फील्डवर न मितीत एकाही रेषेवर तीन बिंदू नकोत असं म्हटलं, तर बिंदू साधारण २.७५६ च्या न व्या घाताच्या आतच राहतात. तिथे मोजली जाते ती बहुपदींच्या स्पेसची मिती.

पण चाळीस मिनिटांत हे सगळं कोंबू नकोस गं. आयत घे, हामेल घे, बाकीचं प्रश्नोत्तरांसाठी ठेव.

अनंतमिती

सगळ्यांचे मनापासून आभार! लॉगचं उदाहरण, मग आयत, मग हामेल असा क्रम लावते. ताई, कोसंबींसाठी शेवटची पाच मिनिटं राखून ठेवलीत.

जाता जाता एक विचारते. १ × √२ चा आयत चौरसांनी भरत नाही. उलट केलं तर? १ × √२ शी समरूप असलेल्या लहानमोठ्या आयतांनी चौरस भरता येईल का?

वारणाकाठ

नाही, तोही भरत नाही. पण १ × (२ + √२) शी समरूप आयतांनी भरतो! १९९० च्या दशकाच्या मध्यात फ्रायलिंग आणि रिन यांनी, आणि स्वतंत्रपणे लाचकोविच आणि सेकेरेश यांनी पूर्ण उत्तर दिलं. गुणोत्तर बैजिक संख्या (परिमेय सहगुणकांच्या बहुपदीचं मूळ) असली पाहिजे आणि तिच्या सगळ्या कॉंज्युगेट्सचा (अशा सर्वांत लहान घाताच्या बहुपदीच्या मुळांचा) वास्तव भाग धन असला पाहिजे. √२ चा कॉंज्युगेट −√२, म्हणून ते बाद. २ + √२ चा कॉंज्युगेट २ − √२, म्हणजे ०.५८ च्या आसपास, धन, म्हणून चालतं. √२ ला −√२ कडे पाठवणारं फंक्शनही परिमेय-लिनिअरच असतं. वरच्या सिद्धतेतल्या फ च्या जागी ते वापरून बघ, कुठपर्यंत पोचतेस ते इथेच लिही.