मदत हवी आहे: औषध दुकानातल्या अनुभवावर हॉस्पिटल फार्मासिस्टच्या मुलाखतीची तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी फार्मासिस्ट आहे. शिक्षण संपल्यापासून औषध दुकानातच काम करते आहे. आता एका मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसीतून मुलाखतीचं बोलावणं आलंय आणि ही नोकरी मला मनापासून हवी आहे. काउंटरवर औषध दिलं की पेशंट घरी जातो, त्याचं पुढे काय झालं ते बहुतेक वेळा कळतच नाही. मला ते पुढचं बघायचं आहे. लॅबचे रिपोर्ट समोर ठेवून डोस ठरतो, त्या ठरवण्यात माझाही वाटा असावा असं वाटतं.

अडचण अशी की इंजेक्शनं, सलाईन, ड्रिप यांच्याशी माझा रोजचा संबंध येत नाही. इन्सुलिन सोडलं तर जवळजवळ नाहीच. गोळ्या, इनहेलर, डोळ्यांचे थेंब, एकमेकांना न चालणारी औषधं याबद्दल कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण व्हॅन्कोमायसिन (शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक) किती वेळात सोडायचं असं विचारलं तर मला पुस्तक उघडावं लागेल. हाताशी वेळ थोडा आहे, तर आधी काय वाचू? हिशेब तोंडी करायला लावतात का? आणि "तुमचा सगळा अनुभव दुकानातला, इथे कसं जमणार?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावं?

आणखी एक. एका आजींच्या चिठ्ठीवर संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट होतं. ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची, पण चिठ्ठीवर "रोज एक" असं लिहिलेलं. मी औषध दिलं नाही, आधी डॉक्टरांना फोन लावला, आठवड्याचा वार ठरवून घेतला आणि आजींच्या मुलीसमोर पाकिटावर "फक्त सोमवारी" असं ठळक लिहिलं. असले प्रसंग मुलाखतीत सांगावेत का, की हॉस्पिटलवाल्यांना ते किरकोळ वाटतील?

प्रतिसाद

ताई, मी हॉस्पिटल फार्मसीतच आहे आणि मुलाखती घ्यायलाही बसतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

मेथोट्रेक्सेटचा प्रसंग किरकोळ अजिबात नाही. ते रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जा दबते, तोंडात फोड येतात, जीवही जाऊ शकतो. आमच्याकडे याला "इंटरव्हेन्शन" म्हणतात आणि त्याची नोंद ठेवतात. सांगताना मात्र क्रमाने सांगा: काय दिसलं, त्यात धोका काय होता, डॉक्टरांशी कोणत्या शब्दांत बोललात, आणि पेशंटला नीट कळलंय याची खात्री कशी केलीत. डॉक्टरांशी बोललेलं वाक्य जसंच्या तसं आठवत असेल तर तेच सांगा. वॉर्डात हे फोन रोज करावे लागतात. समोरच्याला कमीपणा न आणता चूक दुरुस्त करून घेणं जमतं का, हे आम्ही फार बारकाईने बघतो.

"दुकानातला अनुभव" या प्रश्नाला बचावाच्या सुरात उत्तर देऊ नका. पेशंट भरती होतो तेव्हा तो घरी नेमकं काय घेत होता याची यादी करावी लागते, आणि डिस्चार्जच्या वेळी काय चालू, काय बंद, हे त्याला समजावावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी हानी टाळण्यासाठी जी मोहीम सुरू केली, तिच्या तीन मुख्य विषयांपैकी एक हाच आहे: पेशंट एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना औषधांत होणारा घोळ. (बाकीचे दोन म्हणजे एकाच वेळी अनेक औषधं आणि जास्त जोखमीच्या परिस्थिती.) दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन ब्रँडच्या नावांनी दिलेलं असतं, बीपीची गोळी पेशंटने परस्पर बंद केलेली असते. हे शोधून काढायची सवय काउंटरवर जेवढी लागते तेवढी दुसरीकडे कुठे लागत नाही. हे ठासून सांगा.

आता अभ्यास. वेळ थोडा असेल तर निम्मा किडनीला द्या. किडनी रक्त किती वेगाने साफ करते (क्लिअरन्स) ते काढायचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र हातात बसायला हवं: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) भागा, बाई असेल तर ०.८५ ने गुणा. ८० वर्षांच्या, ४५ किलोच्या बाई, क्रिएटिनिन १.२. रिपोर्टवरचा आकडा बघून कुणी दचकणार नाही. पण हिशेब केला की क्लिअरन्स येतो साधारण २७. तो ३० च्या खाली गेल्यामुळे गुठळीच्या उपचारासाठी रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिन दिवसातून दोनदा चालू असेल तर ते एकदावर आणायला हवं. मी हेच उदाहरण विचारतो, आणि उमेदवार वय आणि वजन आपणहून मागतो का ते बघतो.

ड्रिपचा हिशेब कागदावर करू देतात. ६० किलोचा पेशंट, डोपामिन (बीपी वाढवणारं औषध) ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, २५० मिलीत ४०० मिलिग्रॅम. मिनिटाला ३००, म्हणजे तासाला १८,००० मायक्रोग्रॅम. एका मिलीत १,६००. उत्तर तासाला ११.२५ मिली. एकक प्रत्येक पायरीवर लिहा.

इंजेक्शनांत सगळं पाठ करत बसू नका, जिथे जीव जाऊ शकतो तिथून सुरू करा. पोटॅशियम क्लोराइड पातळ केल्याशिवाय कधीच नाही, झटक्यात तर नाहीच. व्हिन्क्रिस्टिन (कॅन्सरचं औषध) फक्त शिरेतून, मणक्यातून दिलं तर पेशंट दगावतो. व्हॅन्कोमायसिन किमान तासभर, घाईने सोडलं तर अंग लाल होतं, बीपी पडतं. फेनिटॉइन (फिटचं औषध) नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो. बुरशीवरच्या अँफोटेरिसिन बीचं उलटं: डेक्स्ट्रोजमध्ये, सलाईनमध्ये नाही.

जे येत नाही तिथे अंदाजाने ठोकून देऊ नका. "हे मी बघून सांगेन, अमुक ठिकाणी बघेन" असं म्हटलेलं आम्हाला चालतं. चुकीचा डोस छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी घेत नाही.

प्रतिसाद

मी आयसीयूत नर्स आहे, फार्मसीच्या फोनच्या दुसऱ्या टोकाला असते. आम्ही काय विचारतो ते सांगते. "लाइन एकच आहे, ही दोन औषधं एकत्र सोडू का?" "राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) द्यायचंय, ही गोळी कुटली तर चालेल का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आजही येत असणार, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नाहीत हे दुकानातही सांगावं लागतंच. पहिल्यासाठी नवजात बाळांचं एक उदाहरण पक्कं ठेवा: सेफ्ट्रियाक्सोन (अँटिबायोटिक) आणि कॅल्शियमचं सलाईन त्यांना सोबत द्यायचं नाही, साका होऊन फुप्फुसात आणि किडनीत बसतो.

आणि फार्मासिस्टने "नाही" म्हटलं की लगेच "मग काय करू" हेही सांगितलं तर आम्हाला फार आधार वाटतो. मुलाखतीत एखादी परिस्थिती देऊन विचारलं तर उत्तर तिथपर्यंत न्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. किडनीची उदाहरणं आजपासूनच सोडवायला घेते. डॉक्टरांना फोनवर म्हटलं होतं, "सर, मेथोट्रेक्सेट रोज आलंय, आठवड्याला एकदा अपेक्षित आहे ना? आजी इथेच थांबल्या आहेत." हेच सांगेन. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतात, तेव्हा काय विचारू?

प्रतिसाद

वाक्य उत्तम आहे, एक शब्द बदलू नका. तुम्ही तीन गोष्टी विचारा: फार्मासिस्ट डॉक्टरांसोबत राउंडला जातात का, नव्या माणसाला इंजेक्शनं तयार करायचं प्रशिक्षण कोण देतं, आणि रात्रपाळीत एकट्याने फार्मसी सांभाळावी लागते का. लागत असेल तर अडल्यावर फोन कुणाला करायचा तेही विचारून घ्या.