मदत हवी आहे: शार्क्सची खालची फळी कशी जोखायची?

मंडळी, बे एरियात राहून आइस हॉकी बघणारं कोणी आहे का इथे? मी मूळचा क्रिकेटवाला, लेकामुळे नाद लागला.

सॅन होजे शार्क्स २०२३-२४ आणि २०२४-२५ लागोपाठ दोन्ही सीझन एनएचएलच्या (आइस हॉकीची सर्वात वरची लीग) तळाला होते, पण त्यातूनच २०२४ च्या ड्राफ्टला (नवी पोरं निवडतात तो) मॅकलिन सेलेब्रिनी पहिल्या नंबरवर मिळाला आणि पठ्ठ्याने पहिल्याच सीझनला ७० मॅचमध्ये ६३ पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) काढले, आता त्याला जोखायला माझी गरज नाही.

माझं घोडं अडतंय बॅराकुडापाशी, म्हणजे एनएचएलच्या खालच्या एएचएल लीगमधली त्यांची टीम. बायकोला सांगितलं आपल्या रणजीसारखं समज, पण तसं नाहीये ना, ही टीम एकट्या शार्क्ससाठीच पोरं तयार करते. तिथे २७-२८ वर्षांचा गडी भरपूर पॉइंट काढतो आणि २० चं पोरगं त्याच्या निम्मेच, तर भारी कोण धरायचं? मी वय बघतो, मग पॉवर प्लेवरचे (समोरचा गडी पेनल्टीमुळे बाहेर असतानाचे) पॉइंट बाजूला काढतो, बरोबर आहे का हे? आणि डिफेन्समनचं काय, त्याचं चांगलं काम आकड्यात दिसतच नाही. गोली (गोलकीपर) तर त्याहून अवघड, उशिरा पिकतात म्हणे.

शिवाय कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून घेतलेलं पोर २० चं होईपर्यंत साधारणपणे एएचएलला पाठवता येत नाही, मग बॅराकुडाची यादी बघून शार्क्सच्या खालच्या फळीची ताकद कळणार तरी कशी?

नुसते आकडे नकोत, मॅच बघताना नजर कुठे ठेवायची तेवढं सांगा.